विश्लेषण : एका ‘हेडर’ने लॉगिनचा पहारा कसा चुकवला? संकेतस्थळांनी ‘मिडलवेअर’वर किती विसंबायचे?

पासवर्ड भक्कम आहे, मोबाइलवर ओटीपीही येतो. तरीही एखाद्या संकेतस्थळावरील तुमची माहिती परक्याच्या हाती पडू शकते का? मार्च २०२५ मध्ये या प्रश्नाचे उत्तर ‘हो’ असे मिळाले. ‘नेक्स्ट जेएस’ या जगभर वापरल्या जाणाऱ्या जावास्क्रिप्ट फ्रेमवर्कमध्ये अशी त्रुटी आढळली की, हल्लेखोराला पासवर्ड फोडण्याची किंवा ओटीपी पळवण्याची गरजच उरली नव्हती. सर्व्हरकडे जाणाऱ्या विनंतीला एक ओळ जोडली, की लॉगिन तपासणारी पायरीच वगळली जात होती. या पायरीला ‘मिडलवेअर’ म्हणतात. ती नेमकी काय करते, ती कशी चुकवता आली आणि आता पुढे काय, याचा हा आढावा.

नेमके काय घडले?

नेक्स्ट जेएसमधील या त्रुटीची अधिकृत सूचना २१ मार्च २०२५ रोजी प्रसिद्ध झाली. ‘सीव्हीई-२०२५-२९९२७’ हा तिचा क्रमांक. रशीद अल्लाम आणि यासर अल्लाम या सुरक्षा संशोधकांनी ती शोधून काढली. त्रुटी किती गंभीर आहे हे सांगणाऱ्या दहा गुणांच्या मोजपट्टीवर तिला ९.१ गुण मिळाले, म्हणजे ती ‘अतिगंभीर’ गटात मोडली. नेक्स्ट जेएसच्या १२, १३, १४ आणि १५ या चारही मालिकांना तिचा धोका होता. दुरुस्ती अनुक्रमे १२.३.५, १३.५.९, १४.२.२५ आणि १५.२.३ या आवृत्त्यांत झाली.

धक्का बसला तो त्रुटीच्या साधेपणामुळे. अशा हल्ल्यांत बहुधा गुंतागुंतीची साखळी असते. आधी कुणाला तरी फसवायचे, मग पासवर्ड मिळवायचा, मग आत शिरायचे. इथे तसे काहीच नव्हते. ब्राऊझर सर्व्हरला जी विनंती पाठवतो, तिच्यासोबत ‘हेडर’ नावाच्या माहितीच्या छोट्या ओळी जातात. त्यात ठरावीक नावाची एक ओळ घातली, की नेक्स्ट जेएस मिडलवेअर चालवणेच सोडून देत असे. लॉगिनची तपासणी जर केवळ मिडलवेअरमध्येच लिहिलेली असेल, तर मग आतले पान थेट उघडत असे.

मिडलवेअर म्हणजे काय?

एक नेहमीचा प्रसंग घेऊ. तुम्ही मोबाइलवर एखाद्या सेवेचे ‘माझी बिले’ हे पान उघडता. बोट लावताक्षणी मोबाइलमधून एक विनंती निघते. तिच्यात कोणते पान हवे याचा पत्ता असतो, काही हेडर असतात आणि तुम्ही आधी लॉगिन केले असल्याची खूण, म्हणजे ‘कुकी’ असते. सर्व्हरवरील प्रोग्रामला त्या पत्त्यावरून ठरवावे लागते की, ही विनंती कोणत्या कामासाठी आहे आणि ती कोडच्या कोणत्या भागाकडे सोपवायची. या वाटपाला ‘राउटिंग’ म्हणतात.

पण विनंती थेट त्या भागाकडे जात नाही. सरकारी कार्यालयात आलेला अर्ज साहेबांपर्यंत जाण्याआधी जसा टेबलामागून टेबल फिरतो, तसेच इथेही घडते. एका टेबलावर आवक नोंद होते, दुसऱ्यावर कागदपत्रे पाहिली जातात, तिसऱ्यावर अर्जदाराचा अधिकार तपासला जातो. प्रत्येक टेबलाला दोनच गोष्टी करता येतात. काम आटोपून अर्ज पुढे सरकवायचा, नाही तर ‘अपूर्ण’ म्हणून तिथूनच परत पाठवायचा.

सर्व्हरवरील या टेबलांनाच मिडलवेअर म्हणतात. ‘एक्स्प्रेस’सारख्या फ्रेमवर्कमध्ये मिडलवेअर हे साधे फंक्शन असते. त्याला तीन गोष्टी मिळतात : आलेली विनंती, जाणारे उत्तर आणि ‘नेक्स्ट’ नावाचे एक फंक्शन. ‘नेक्स्ट’ला हाक मारली की विनंती पुढच्या टेबलावर जाते. नोंदवही ठेवणे, कुकी वाचणे, फॉर्ममधील मजकूर उलगडणे, वारंवार येणाऱ्या विनंत्यांना आवर घालणे, लॉगिन तपासणे अशी अनेक कामे या रांगेत होतात. प्रत्येक पानाच्या कोडमध्ये ती पुन्हा पुन्हा लिहावी लागत नाहीत, हाच मिडलवेअरचा मोठा फायदा.

ही पद्धत रुजली कशी?

जावास्क्रिप्ट ही मुळात ब्राऊझरमध्ये चालणारी भाषा. रायन डाल यांनी २००९ मध्ये ‘नोड जेएस’ आणले आणि ही भाषा सर्व्हरवर सहजपणे वापरता येऊ लागली. पण नोड जेएस विनंती हातात देऊन थांबते. पत्ते जुळवणे, कुकी वाचणे ही कामे प्रोग्रामरलाच करावी लागत. ती उणीव टी. जे. होलोवायचुक यांनी २०१० मध्ये आणलेल्या ‘एक्स्प्रेस’ने भरून काढली. सुरुवातीला एक्स्प्रेस ‘कनेक्ट’ नावाच्या मिडलवेअर संचावर उभे होते. २०१४ मधील चौथ्या आवृत्तीत ते त्यापासून वेगळे झाले. त्यानंतर पाचवी आवृत्ती येण्यास तब्बल दहा वर्षे लागली. ती २०२४ मध्ये आली.

नेक्स्ट जेएस २०१६ मधले. आज ‘व्हर्सेल’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या कंपनीने ते आणले. पानाचा दर्शनी भाग आणि सर्व्हरवरचा भाग एकाच प्रकल्पात लिहिण्याची सोय असल्याने ते लोकप्रिय झाले. त्यात मिडलवेअरची सोय आली ती २०२१ च्या बाराव्या आवृत्तीपासून. मात्र इथे एक फरक होता. एक्स्प्रेसमध्ये हवी तितकी टेबले हव्या त्या जागी मांडता येतात. नेक्स्ट जेएसमध्ये संपूर्ण ॲपसाठी एकच मिडलवेअर फाइल ठेवण्याची पद्धत रूढ झाली. ती कोणत्या पत्त्यांसाठी चालवायची, हे त्याच फाइलमध्ये नमूद करायचे. लॉगिन तपासण्यासाठी ही जागा सोयीची होती. अनेकांनी ती तपासणी तिथेच ठेवली आणि बऱ्याच ठिकाणी ती फक्त तिथेच राहिली.

क्रमाला एवढे महत्त्व का?

मिडलवेअरमधील चुकांचे मूळ अनेकदा क्रमात असते. एक्स्प्रेसमध्ये मिडलवेअर आणि पानांचे मार्ग ज्या क्रमाने लिहिले जातात, त्याच क्रमाने ते तपासले जातात. समजा प्रशासकांसाठीच्या पानांचा मार्ग वर लिहिला आणि लॉगिन तपासणारे मिडलवेअर त्याच्या खाली. विनंती वरच्या ओळीवरच जुळते, उत्तर तिथूनच निघून जाते आणि खालच्या तपासणीपर्यंत काहीच पोहोचत नाही. कोडमध्ये तपासणी दिसते, फाइल वाचणाऱ्यालाही ती आहे असे वाटते. पण ती चालतच नाही. आधी सही आणि मग पडताळणी, असा हा प्रकार.

‘नेक्स्ट’ला हाक मारायला विसरले तर उलटे घडते. विनंती त्या टेबलावरच अडकते आणि वापरकर्त्याच्या मोबाइलवर चक्र फिरत राहते. परवानगी नाकारणारे उत्तर पाठवूनही ‘नेक्स्ट’ला हाक गेली, तर त्याहून वाईट. समोरच्याला नकार मिळतो; पण विनंती पुढे सरकते आणि आतले काम, उदाहरणार्थ नोंद पुसण्याचे, होऊनही जाऊ शकते. चूक असते ती उत्तर पाठवल्यावर फंक्शनमधून बाहेर पडण्याचा एक शब्द न लिहिण्याची.

चुका हाताळणाऱ्या मिडलवेअरचाही असाच नियम आहे. ते सर्वांत शेवटी लिहावे लागते आणि त्याला तीनऐवजी चार गोष्टी घ्याव्या लागतात. त्यावरूनच एक्स्प्रेस त्याला ओळखते. चौथ्या आवृत्तीत डेटाबेसकडून उशिरा येणाऱ्या चुका प्रोग्रामरने स्वतः पुढे ढकलल्या नाहीत, तर त्या या शेवटच्या टेबलापर्यंत पोहोचत नसत. पाचव्या आवृत्तीत ‘प्रॉमिस’मधून आलेल्या अशा चुका आपोआप पुढे जातात. दशकभराने आलेल्या या आवृत्तीतील रोजच्या कामात सर्वाधिक जाणवणारा बदल बहुधा हाच.

पत्ता जुळला की पहारा चोख, असे का नाही?

राउटिंगमधील आणखी एक सापळा अक्षरांचा आहे. एक्स्प्रेस मुळात पत्त्यांतील लहान आणि मोठ्या इंग्रजी अक्षरांत फरक करत नाही. पत्त्याच्या शेवटी तिरकी रेघ असली काय, नसली काय, तेही सारखेच मानते. आता एखाद्याने मिडलवेअरमध्ये स्वतः अट लिहिली की, पत्ता ‘ॲडमिन’ या शब्दाने लहान अक्षरांत सुरू होत असेल तरच लॉगिन तपासावे. कुणी तोच शब्द पहिले अक्षर मोठे करून टंकला, तर ही अट जुळत नाही आणि तपासणी टळते. राउटिंगच्या लेखी मात्र दोन्ही पत्ते एकच, त्यामुळे पान उघडते. पहारेकरी आणि दार यांनी एकाच पत्त्याचे दोन वेगळे अर्थ लावले, की मधल्या फटीतून कुणीही आत जाते.

पत्ते जुळवण्याचे काम स्वतःही धोक्याचे ठरू शकते. सप्टेंबर २०२४ मध्ये एक्स्प्रेस ज्या छोट्या पॅकेजच्या आधारे पत्ते जुळवते, त्या ‘पाथ-टू-रेगएक्स्प’मध्ये त्रुटी जाहीर झाली. पत्त्याच्या एकाच भागात दोन बदलती मूल्ये असतील, तर मुद्दाम रचलेला लांबलचक पत्ता जुळवून पाहण्यात सर्व्हरचा अतोनात वेळ जात असे. नोड जेएसमध्ये जावास्क्रिप्टचे मुख्य काम एकाच धाग्यावर चालते. त्यामुळे एक विनंती अशी अडकली, की मागच्या सगळ्यांची रांग खोळंबते.

नेक्स्ट जेएसमध्ये फसले कुठे?

मूळ हेतू चांगला होता. नेक्स्ट जेएसचे मिडलवेअर स्वतःही त्याच ॲपकडे नवी विनंती पाठवू शकते. ती विनंती पुन्हा मिडलवेअरमधून गेली, त्याने पुन्हा विनंती पाठवली, तर हे चक्र कधीच थांबणार नाही. ते थांबवण्यासाठी ‘एक्स-मिडलवेअर-सबरिक्वेस्ट’ नावाचे अंतर्गत हेडर वापरले जात होते. विनंती मिडलवेअरमधून गेली की त्याचे नाव या हेडरमध्ये जोडायचे. अलीकडच्या आवृत्त्यांत ते नाव पाच वेळा आले, की चक्र सुरू झाले असे समजून मिडलवेअर वगळायचे आणि विनंती पुढे सोडायची. जुन्या आवृत्त्यांत तर ते नाव एकदा दिसले तरी पुरत असे.

ही चिठ्ठी आतल्यांसाठी होती, पण ती बाहेरून कुणी चिकटवून आणली तर काय, याची तपासणी नव्हती. कार्यालयाचेच उदाहरण पुढे न्यायचे तर, ‘पडताळणी झाली आहे’ ही आतल्या टेबलाने लावायची चिठ्ठी अर्जदाराने घरूनच लावून आणली आणि ती कुणी लावली हे न विचारता अर्ज पुढे सरकला. मिडलवेअरच्या फाइलचे नाव आणि तिची जागा ठरलेली असल्याने चिठ्ठीवर काय लिहायचे, हेही सहज ओळखता येत होते. मिडलवेअरचे नाव विसर्गचिन्हासारख्या दोन टिंबांनी जोडून पाच वेळा लिहिणे, एवढाच तो मजकूर.

चूक एका ओळीची वाटते, पण तिच्यामागे जुनाच प्रश्न आहे. विनंतीसोबत जे काही येते, ते सारे पाठवणाऱ्याच्या हातात असते. पत्ता, कुकी, हेडर यांपैकी कशातही तो हवे ते लिहू शकतो. कुकीवर सर्व्हरची गुप्त सही असते किंवा तिची नोंद सर्व्हरकडे असते, म्हणून ती खरी की खोटी हे कळते. या हेडरला अशी कोणतीच खूण नव्हती.

फटका कोणाला, कोणाला नाही?

धोका होता तो स्वतःच्या सर्व्हरवर नेक्स्ट जेएस चालवणाऱ्या आणि मिडलवेअर वापरणाऱ्या संकेतस्थळांना. व्हर्सेल आणि नेटलिफाय यांच्या सेवेवर चालणारी ॲप या हल्ल्यापासून सुरक्षित होती, कारण तिथे मिडलवेअर मुख्य ॲपपासून वेगळे चालवले जाते. आधीच तयार करून ठेवलेली स्थिर पाने देणाऱ्या संकेतस्थळांनाही धोका नव्हता; तिथे मिडलवेअर चालतच नाही. याचा अर्थ, एकच कोड एका ठिकाणी सुरक्षित आणि दुसऱ्या ठिकाणी असुरक्षित होता. डेटा बाहेर जाऊ नये म्हणून स्वतःच्या सर्व्हरवर ॲप ठेवणाऱ्या संस्था नेमक्या यात सापडल्या.

परिणाम लॉगिनपुरते नव्हते. ब्राऊझरने कोणत्या स्रोतांवर विश्वास ठेवावा, हे सांगणारे सुरक्षा हेडर अनेक जण मिडलवेअरमधूनच जोडतात. मिडलवेअर वगळले की तेही गळतात. काही रचनांत चुकीचे पान मधल्या साठ्यात म्हणजे ‘कॅशे’त अडकवून इतरांसाठी संकेतस्थळ बंद पाडता येते, हेही संशोधकांनी दाखवले.

मात्र ज्या ॲपमध्ये डेटाबेसमधून माहिती काढण्याआधी वापरकर्त्याची ओळख पुन्हा तपासली जात होती, तिथे हा हल्ला फारसा पुढे जाऊ शकत नव्हता. मिडलवेअर चुकवून पानाचा सांगाडा उघडला असता, पण माहिती मिळाली नसती. दोन ॲपमधील हा फरक फ्रेमवर्कमुळे पडलेला नव्हता. तपासणी कुठे ठेवायची, या प्रोग्रामरच्या निर्णयाने तो पडला होता.

कंपनीने काय केले? टीका कशावर झाली?

व्हर्सेलने नंतर स्वतःच घटनाक्रम जाहीर केला. त्यानुसार संशोधकांनी २७ फेब्रुवारी २०२५ रोजी गोपनीय मार्गाने माहिती कळवली. तिची छाननी १४ मार्चला सुरू झाली. त्याच दिवशी सुमारे दोन तासांत दुरुस्तीचा कोड तयार होता. म्हणजे उपाय दोन तासांचा आणि प्रतीक्षा पंधरा दिवसांची. १४ आणि १५ या मालिकांच्या दुरुस्त आवृत्त्या १७ व १८ मार्चला आल्या. सूचना २१ मार्चला जाहीर झाली. पण १३ आणि १२ या जुन्या मालिकांची दुरुस्ती त्यानंतर, २२ आणि २३ मार्चला मिळाली. मधल्या काळात त्या वापरणाऱ्यांकडे एकच मार्ग होता : पुढच्या ‘एन्जिनएक्स’सारख्या सर्व्हरवर ते हेडर असलेल्या बाहेरच्या विनंत्या अडवायच्या किंवा त्यातून ते हेडर काढून टाकायचे.

दुरुस्तीचा गाभा सोपा आहे. सर्व्हर आता स्वतःपुरता एक यादृच्छिक क्रमांक तयार करतो. अंतर्गत विनंतीसोबत तो जोडला जातो. तो क्रमांक जुळला नाही, तर बाहेरून आलेले ते हेडर टाकून दिले जाते. चिठ्ठी तीच राहिली. तिच्यावर आता आतल्यांनाच ठाऊक असलेला शिक्का आला.

मग मिडलवेअरमध्ये लॉगिन तपासूच नये का?

तपासावे, पण तेवढ्यावर थांबू नये, हा या प्रकरणाचा धडा. मार्ग सुरक्षित ठेवण्याचा एकमेव उपाय म्हणून मिडलवेअरवर अवलंबून राहू नये, असे व्हर्सेलनेही या घटनेनंतर स्पष्ट केले. ऑक्टोबर २०२५ मध्ये आलेल्या नेक्स्ट जेएसच्या सोळाव्या आवृत्तीत ‘मिडलवेअर’ फाइलचे नावच बदलून ‘प्रॉक्सी’ करण्यात आले. विनंती आत येण्याआधीची ही सीमेवरची जागा आहे, हे नावातूनच कळावे, हा त्यामागचा हेतू.

मिडलवेअर काही गोष्टी तपासूच शकत नाही, हेही लक्षात घ्यायला हवे. ‘तुम्ही कोण’ हा एक प्रश्न आणि ‘तुम्हाला हे पाहण्याचा अधिकार आहे का’ हा दुसरा. पहिल्याचे उत्तर कुकीवरून दारातच मिळते. दुसऱ्यासाठी नेमकी कोणती नोंद मागितली आहे आणि ती कुणाची आहे, हे पाहावे लागते. लॉगिन केलेल्या व्यक्तीने पत्त्यातील बिलाचा क्रमांक बदलला आणि शेजाऱ्याचे बिल उघडले, तर दारावरच्या तपासणीच्या दृष्टीने सारे काही नियमानुसारच असते. हे बिल या व्यक्तीचेच आहे का, ही विचारणा डेटाबेसमधून नोंद काढणाऱ्या कोडमध्येच व्हायला हवी. वेब सुरक्षेवर काम करणाऱ्या ‘ओवॅस्प’ या संस्थेने २०२१ च्या यादीत अधिकार तपासणीतील अशा त्रुटींना पहिल्या क्रमांकाचा धोका ठरवले. त्याआधीच्या यादीत तो पाचव्या क्रमांकावर होता.

म्हणून व्यवहार्य रचना दुहेरी असते. मिडलवेअरमध्ये ढोबळ गाळणी ठेवायची : लॉगिन नसलेल्याला लॉगिनच्या पानाकडे वळवायचे, निरर्थक विनंत्या तिथेच थांबवायच्या. त्यामुळे सर्व्हरवरचा भार कमी होतो आणि वापरकर्त्याचीही सोय होते. पक्की तपासणी मात्र माहितीजवळ. शिवाय नेहमीच्या चाचण्यांत उलट्या बाजूच्याही चाचण्या हव्यात : लॉगिन न करता पान मागितले तर काय होते, दुसऱ्याचा क्रमांक दिला तर काय, मिडलवेअर मुद्दाम बंद ठेवले तर काय. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर ‘सगळे उघडे पडते’ असे असेल, तर रचना एका खिळ्यावर टांगलेली आहे, असे समजावे.

भारतात जबाबदारी कुणाची?

फ्रेमवर्क परदेशी कंपनीचे असले तरी त्यावर ॲप चालवून नागरिकांची माहिती गोळा करणारी संस्था इथली असेल, तर कायदा तिला विचारतो. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ मध्ये संमत झाला. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले असून त्यांची अंमलबजावणी टप्प्याटप्प्याने होणार आहे. माहितीच्या संरक्षणासाठी वाजवी सुरक्षा उपाय न केल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद या कायद्यात आहे. संस्थेने काम बाहेरच्या कंत्राटदाराकडून करून घेतले असले, तरी तिची जबाबदारी संपत नाही. याशिवाय ‘सर्ट-इन’ या केंद्रीय यंत्रणेच्या एप्रिल २०२२ मधील निर्देशांनुसार ठरावीक प्रकारच्या सायबर घटनांची माहिती त्या लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवणे बंधनकारक आहे.

खरी अडचण कंत्राटांच्या रचनेत आहे. संकेतस्थळ उभारण्याचे काम एकदा दिले जाते, ते सुरू होते, बिल निघते. त्यानंतर त्यातील पॅकेज अद्ययावत ठेवण्याचे काम कुणाचे, हे कंत्राटात लिहिलेले नसेल, तर ॲप उभारणीच्या दिवशीच्या आवृत्तीवरच थिजून राहते. बारा किंवा तेराव्या मालिकेवरील ॲपना दुरुस्ती मिळाली खरी, पण ती कुणीतरी येऊन बसवावी लागते. पतसंस्था, शाळा, रुग्णालय किंवा नगरपालिका, कुणीही असो. कंत्राटदाराला विचारायचे प्रश्न साधे आहेत. आपले ॲप कोणत्या आवृत्तीवर आहे? सुरक्षा सूचना आली तर किती दिवसांत दुरुस्ती होईल? लॉगिनची तपासणी मिडलवेअरशिवाय आणखी कुठे आहे?

हे एकदाच विचारून भागत नाही. डिसेंबर २०२५ च्या सुरुवातीला ‘रिॲक्ट’च्या सर्व्हरवर चालणाऱ्या भागात आणखी एक त्रुटी जाहीर झाली आणि तिला दहापैकी पूर्ण दहा गुण मिळाले. नेक्स्ट जेएसही त्या तडाख्यात सापडले. मार्चमध्ये आवृत्ती बदलून निर्धास्त झालेल्यांपैकी अनेकांना नऊ महिन्यांत पुन्हा तेच काम करावे लागले.

सामान्य वापरकर्त्याच्या हाती काय?

या विशिष्ट त्रुटीपुरते बोलायचे, तर फारसे काही नाही. मिडलवेअर चालले की नाही, हे मोबाइलच्या पडद्यावर दिसत नाही. पासवर्ड बदलून किंवा ओटीपी जपूनही हा हल्ला टळला नसता, कारण पासवर्ड विचारणारी पायरीच वगळली जात होती. ‘ग्राहकांनी पासवर्ड जपावा’ एवढी सूचना देऊन संस्थांना हात झटकता येत नाहीत, ते यामुळेच.

तरी दोन गोष्टी वापरकर्त्याला करता येतात. पहिली, गरजेपेक्षा जास्त माहिती कुठेही देऊ नये. जी माहिती सर्व्हरवर नाही, ती तिथून फुटत नाही. आधार कार्डाची प्रत कुणी मागितली तर ती कशासाठी हवी आणि दुसरा पुरावा चालेल का, हे विचारावे. दुसरी, पत्त्यातील एखादा आकडा चुकीचा पडून दुसऱ्याचे बिल, अहवाल किंवा निकाल समोर आला, तर त्याकडे गंमत म्हणून न पाहता ती बाब संबंधित संस्थेला लेखी कळवावी. आणखी आकडे बदलून पाहण्याचा मोह टाळावा. तो कायदेशीर अडचणीत नेऊ शकतो. दाराबाहेरून दिसलेली फट आतल्यांना अनेकदा ठाऊक नसते. ती कळवल्यानंतर किती दिवसांत बुजवली जाते, यावरून त्या संस्थेला आपल्या माहितीची किती काळजी आहे, हे समजते.